गुणांमागचा पुरावा : शैक्षणिक मापन आणि संशोधनपद्धतीच्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

बी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्यांना हार्टोग समिती पाठ असते. १९२९ चा अहवाल, प्राथमिक शिक्षणातील गळती आणि स्थगिती, आणि त्यावर परीक्षेत हमखास येणारी टीप. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राहिलेले हेच सर फिलिप हार्टोग पुढे इंग्लंडमध्ये परीक्षांचीच परीक्षा घ्यायला बसले, ही गोष्ट मात्र त्या टिपेत सहसा येत नाही. ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह त्यांनी १९३५ साली एका मोठ्या चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका होत्या. मूळ परीक्षेत या पंधराही उत्तरपत्रिकांना सारखेच, मध्यम गुण मिळाले होते. अनुभवी परीक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्यांतल्या चौदा जणांकडे त्याच उत्तरपत्रिका पुन्हा दिल्या गेल्या. नापास, पास की विशेष श्रेणी, असा निकाल प्रत्येकाने प्रत्येक उत्तरपत्रिकेला दोनदा दिला. एकूण २१० जोड्या झाल्या. त्यांपैकी ९२ वेळा त्याच परीक्षकाने त्याच उत्तरपत्रिकेचा निकाल दुसऱ्या खेपेस बदलला होता.

हे परीक्षक हलगर्जी नव्हते. त्यांना विषय येत होता, तपासणीचा सराव होता आणि आपले काम पाहिले जाते आहे याची जाणीवही होती. तरीही निकाल हलला. एखाद्या विद्यार्थ्याच्या ज्ञानाविषयी आपण जे म्हणतो, त्यातले किती त्याच्या ज्ञानातून येते आणि किती परीक्षकाच्या मनातून, त्या दिवसातून, त्या विशिष्ट प्रश्नातून येते, हे केवळ प्रामाणिकपणे काम केल्याने कळत नाही. ते शोधावे लागते, आणि शोधण्याची रीत शिकावी लागते. ती रीत म्हणजेच शैक्षणिक मापन आणि संशोधनपद्धती हे क्षेत्र. या ग्रंथाच्या रूपाने आम्ही त्या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत करतो.

या क्षेत्रातील अध्यापक नेमके कशावर संशोधन करतात, असा प्रश्न एम.एड.ला आणि पीएच.डी.ला येणारे विद्यार्थी विचारतात. कुणी प्रश्नांच्या काठिण्य पातळीवर काम करते, कुणी परीक्षकांमधील मतभेदांवर, कुणी नमुना निवडीवर, कुणी वर्गनिरीक्षणावर. वरवर पाहता ही कामे एकमेकांपासून दूर वाटतात. पण ती सगळी एकाच विचारातून निघतात. प्रगतिपुस्तकातला प्रत्येक आकडा, सर्वेक्षणातली प्रत्येक टक्केवारी आणि प्रबंधातला प्रत्येक निष्कर्ष हे कुणाविषयी तरी केलेले विधान असते. विधान करणाऱ्याने पुरावा दिला पाहिजे, आणि त्या पुराव्यात चूक किती असू शकते हेही सांगितले पाहिजे. पुढील सर्व प्रकरणे याच एका मागणीचा पाठपुरावा करतात.

पहिली मागणी सातत्याची, म्हणजे विश्वसनीयतेची. परीक्षेच्या निकालात योगायोगाचा वाटा किती, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या भाषेत प्रथम मांडला तो फ्रान्सिस एजवर्थ यांनी, १८८८ साली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे तेव्हा तीन दशकांची झाली होती आणि परीक्षा हाच त्यांचा मुख्य व्यवसाय होता. एजवर्थ यांनी परीक्षकांच्या गुणांतील चढउतारांना खगोलशास्त्रातील निरीक्षणांच्या त्रुटींचे गणित लावले. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. मिळालेले गुण म्हणजे खरे गुण अधिक त्रुटी, हे आज सोपे वाटणारे समीकरण त्या परंपरेतले आहे. खरे गुण आपल्याला कधीच दिसत नाहीत. पण एकाच क्षमतेची दोनदा मोजणी केली तर त्या दोहोंच्या सहसंबंधावरून त्रुटीचा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज किती उपयोगी आहे ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. शंभर गुणांची एक चाचणी आहे. तिचे प्रमाण विचलन १० आहे आणि विश्वसनीयता गुणांक ०.८४ आहे. शालेय चाचणीसाठी हा गुणांक चांगलाच म्हणायचा. १ मधून ०.८४ वजा केले, उरलेल्या ०.१६ चे वर्गमूळ काढले आणि त्याला १० ने गुणले की ४ येतात. ही मापनाची प्रमाण त्रुटी. तिचा अर्थ असा की एखाद्या मुलीने ही चाचणी पुनःपुन्हा दिली असती, तर साधारण तीनपैकी दोन वेळा तिचे गुण तिच्या खऱ्या गुणांच्या चार अलीकडे-पलीकडे पडले असते आणि उरलेल्या एका वेळी त्याहूनही दूर. आता उत्तीर्णतेची रेषा ३५ वर आहे असे धरा. ३३ गुणांची मुलगी आणि ३७ गुणांचा मुलगा यांच्यात खरोखर फरक आहे, असे ही चाचणी खात्रीने सांगू शकत नाही. निकाल मात्र एकाला वर चढवतो आणि दुसरीला घरी बसवतो.

म्हणून परीक्षा बंद करा, असे हे शास्त्र सांगत नाही. ते सांगते की रेषेच्या जवळ निर्णय घेताना आणखी पुरावा गोळा करा. फेरपरीक्षा, तोंडी परीक्षा, वर्षभरातले काम यांचे खरे प्रयोजन तिथे आहे. चाचणी लांबवल्याने काय साधते, हेही मोजता येते. स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांच्या १९१० च्या सूत्रानुसार ०.६० विश्वसनीयतेची चाचणी त्याच दर्जाच्या प्रश्नांनी दुप्पट केली, तर विश्वसनीयता ०.७५ होते. ती आणखी दुप्पट केली, तर ०.८६ च्या आसपास जाते. प्रत्येक वेळी श्रम दुप्पट होतात आणि लाभ मात्र घटत जातो. तेव्हा किती प्रश्न पुरेसे, किती परीक्षक पुरेसे, यावर अंदाजपंचे बोलण्याची गरज उरत नाही. क्रॉनबाख, ग्लेसर, नंदा आणि राजरत्नम या चौघांनी १९७२ च्या ग्रंथात ही विचारसरणी विस्तारली. त्रुटीचा एकच ढीग न करता तिचे वाटे पाडा, असे त्यांनी सांगितले : परीक्षकामुळे किती, प्रश्नामुळे किती, प्रसंगामुळे किती. आपल्या मंडळाच्या परीक्षांत परीक्षक, नियामक आणि मुख्य नियामक अशी उतरंड असते. त्या उतरंडीतला कोणता टप्पा किती त्रुटी कमी करतो, याचा अभ्यास या पद्धतीने होऊ शकतो आणि तो मराठी संशोधकाने करण्याजोगा आहे.

दुसरी मागणी अधिक खोल आहे. चाचणी दर वेळी सारखाच निकाल देईलही, पण ती जे मोजते असे आपण म्हणतो तेच मोजते का? हा सप्रमाणतेचा प्रश्न. १९५५ साली ली क्रॉनबाख आणि पॉल मील यांनी आणि पुढे १९८९ मध्ये सॅम्युअल मेसिक यांनी त्याची जी मांडणी केली, तिने या क्षेत्राची दिशा बदलली. सप्रमाणता चाचणीच्या कागदाला चिकटलेली नसते, गुणांचा जो अर्थ आपण लावतो आणि त्यांच्या आधारे जो निर्णय घेतो, त्याला ती असते किंवा नसते. तिसरीच्या मुलांना बेरीज येते का हे पाहण्यासाठी केलेली चाचणी त्या कामापुरती सप्रमाण असेल. तिच्याच गुणांवरून शिक्षकाची वेतनवाढ ठरवायची झाल्यास पुरावा नव्याने द्यावा लागेल, कारण विधान नवे आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे भाषेत उभा राहतो. गणिताचा शाब्दिक प्रश्न प्रमाण मराठीत छापलेला असतो. वाचणारे मूल घरी भिली, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलते. त्याचे उत्तर चुकले तर ते भागाकारात चुकले की वाक्यात अडले, हे गुणांवरून कळत नाही. शहरातल्या सरकत्या जिन्यावर रचलेला वेग आणि काळाचा प्रश्न, सरकता जिना कधी न पाहिलेल्या मुलाला गणिताखेरीज आणखी एक कोडे घालतो. समान क्षमतेच्या दोन गटांपैकी एका गटाला एखादा प्रश्न अकारण अवघड जातो का, हे तपासण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती आज उपलब्ध आहेत. पण त्या पद्धती प्रश्नाकडे फक्त बोट दाखवतात. प्रश्न का अडला, हे कळायला मुलाजवळ बसून त्याला मोठ्याने विचार करायला सांगावे लागते.

या बाबतीत आपल्याकडे पूर्वसूरी आहेत. व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिमत्ता चाचण्यांचे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी चाचणीचे नुसते शब्द बदलून भागत नाही, कोणते काम कोणत्या वयाच्या मुलाला जमते हे इथल्या मुलांवर पुन्हा तपासावे लागते, ही शिस्त त्या कामात आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील भेदांवर डॉक्टरेटसाठी संशोधन केले आणि पुढे १९८४ मध्ये तिथेच प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मुलांची बोली समजून घेणे आणि त्यांना वाचायला शिकवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्या वाटचालीतून दिसते. मराठीत चाचणी रचणाऱ्याने आपल्या मुलांची मराठी किती प्रकारची आहे हे आधी जाणून घ्यायला हवे.

तिसरे क्षेत्र तुलनेचे. दोन मुलांनी वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवल्या, तर त्यांचे गुण एका मापावर कसे आणायचे? डेन्मार्कमधील गणिती जॉर्ज राश यांच्यापुढे १९५० च्या दशकात नेमका हा प्रश्न आला. वाचनात मागे पडलेल्या मुलांना जादा मदत मिळाली होती. त्यांची प्रगती किती झाली हे पाहायचे होते, पण वेगवेगळ्या वेळी त्यांना वेगवेगळे उतारे वाचायला दिलेले होते. राश यांनी मुलाची क्षमता आणि उताऱ्याची काठिण्य पातळी यांना एकाच मोजपट्टीवर बसवणारे प्रतिमान रचले आणि १९६० मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. मूल आणि प्रश्न समोरासमोर आले की बरोबर उत्तराची शक्यता त्या दोहोंतल्या अंतरावर अवलंबून राहते, हा त्याचा गाभा. फ्रेडरिक लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे याच दिशेने काम केले. आजच्या प्रश्नपेढ्या आणि उत्तरागणिक पुढचा प्रश्न बदलणाऱ्या संगणकीय चाचण्या त्या पायावर उभ्या आहेत.

बारावीनंतरची सीईटी अनेक सत्रांत घेतली जाते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, हे महाराष्ट्रातल्या घराघरांत माहीत आहे. आपले सत्र अवघड होते ही तक्रारही दर वर्षी ऐकू येते. पर्सेंटाइल म्हणजे आपल्या सत्रातील किती टक्के विद्यार्थी आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे आहेत, याचे मोजमाप. वेगवेगळ्या सत्रांतील पर्सेंटाइल एकमेकांशी तोलताना एक गृहीतक धरलेले असते : प्रत्येक सत्रातील विद्यार्थ्यांचा समूह क्षमतेने सारखा आहे. विद्यार्थ्यांची सत्रांत वाटणी यादृच्छिक असेल आणि समूह मोठे असतील, तर हे गृहीतक टिकते. दुसरा मार्ग म्हणजे सर्व सत्रांत काही समान प्रश्न ठेवणे आणि त्यांच्या आधारे प्रश्नपत्रिकांच्या काठिण्यातला फरक काढणे. त्यात प्रश्न फुटण्याचा धोका असतो. दोन्ही मार्गांची किंमत आहे. ती किंमत पालकांना आणि विद्यार्थ्यांना सरळ मराठीत समजावून सांगणे, हे आम्ही या क्षेत्रातील अध्यापकांचे कर्तव्य मानतो. ज्या हिशेबावर एखाद्या मुलाचे कॉलेज ठरते, तो हिशेब त्याला समजला पाहिजे.

प्रश्नपत्रिकेच्या रचनेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिचा परिचय तुम्हाला आधीच आहे. बेंजामिन ब्लूम यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ मध्ये आले आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परीक्षा-सुधारणेच्या कामासाठी ते स्वतः भारतात येऊन गेले. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य या रकान्यांचा संविधान तक्ता आपल्या अध्यापक विद्यालयांत रुजला तो त्या काळापासून. त्याच्याही आधी, १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठ शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची सुचवू, असे मत नोंदवले होते. ते मत जुने झालेले नाही.

आता संशोधनपद्धतीकडे वळू. मापन नीट झाले तरी त्यातून कारण सापडेलच असे नाही. आपल्याकडच्या लघुप्रबंधांत नेहमी आढळणारा एक आराखडा घ्या. पूर्वचाचणी घेतली, सर्वांत कमी गुणांची वीस मुले निवडली, महिनाभर उपचारात्मक अध्यापन केले, उत्तरचाचणी घेतली, सरासरी वाढली, उपक्रम यशस्वी. या निष्कर्षात एक भगदाड आहे. पहिल्या चाचणीत तळाशी पडलेल्या मुलांपैकी काही खरोखर मागे असतात आणि काहींचा तो दिवस वाईट गेलेला असतो. दुसऱ्या चाचणीत त्या काहींचे गुण काहीही न शिकवता वर येतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीच्या नोंदींत हीच सरासरीकडे झुकण्याची प्रवृत्ती दाखवली होती. वाढीतला किती भाग अध्यापनाचा आणि किती या प्रवृत्तीचा, हे तुलनेचा गट असल्याखेरीज सांगता येत नाही. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९६३ च्या आपल्या छोट्या पण फार प्रभावी लेखनात निष्कर्षाला पोखरणाऱ्या अशा धोक्यांची यादीच दिली. मुले वयाने वाढतात, चाचणीची सवय होते, काही मुले मधूनच गळतात, बाहेर काहीतरी घडते. संशोधन आराखडा म्हणजे या प्रत्येक धोक्याला दिलेले उत्तर.

असे उत्तर कसे द्यावे याचा एक नमुना मुंबई आणि वडोदऱ्यात घडला. प्रथम संस्थेचा बालसखी उपक्रम तुम्ही ऐकला असेल. वस्तीतलीच शिकलेली तरुणी पालिकेच्या शाळेत येई आणि वाचन-गणितात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना दिवसातले सुमारे दोन तास वेगळे बसवून शिकवी. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी त्याचा परिणाम तपासला आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वडोदऱ्यातला आराखडा पाहण्यासारखा आहे. चिठ्ठीच्या न्यायाने निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला दिली आणि उरलेल्या निम्म्यांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल केली. त्यामुळे प्रत्येक इयत्तेला तुलनेचा गट मिळाला आणि कोणतीही शाळा मदतीवाचून राहिली नाही. न्याय आणि शास्त्र यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची गरज नसते, हे या रचनेने दाखवले.

दुसऱ्या वर्षाअखेर उपक्रमातील मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वर गेले. म्हणजे शंभरांच्या रांगेत बरोबर मधोमध असलेले मूल साधारण एकसष्टाव्या स्थानी पोहोचले. लाभ झाला तो प्रामुख्याने वेगळ्या बसवलेल्या मुलांना. वर्ग लहान झाला म्हणून वर्गातच राहिलेल्या मुलांचे गुण वाढले, असे दिसले नाही. उपक्रम संपल्यावर एका वर्षाने लाभ ओसरून ०.१० च्या आसपास आला. हा शेवटचा आकडा संशोधकांनी लपवला नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. परिणाम टिकवायचा असेल तर मदतही टिकवावी लागेल, हे धोरण आखणाऱ्याला त्याच आकड्यावरून कळते.

चौथा प्रश्न मोजणीत कोण येते आणि कोण सुटते याचा. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. कष्टकऱ्यांच्या श्रमातून सरकारी महसूल उभा राहतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हे त्यांनी ठामपणे मांडले. शाळेच्या पटावर जे आलेच नाहीत, त्यांचा हिशेब त्यांनी मागितला. नमुना निवडीचा अभ्यास करणाऱ्याने ही नैतिक बाजू कधी विसरू नये.

अलीकडचे उदाहरण राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे आणि असर अहवालाचे. दोन्हींचे आकडे वर्तमानपत्रांत शेजारी शेजारी छापले जातात आणि ते जुळले नाहीत की कुणीतरी खोटे बोलते आहे असा निष्कर्ष काढला जातो. १२ नोव्हेंबर २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची मुले शाळेत बसवून त्यांना इयत्तेनुसार प्रश्नपत्रिका दिली गेली. त्या दिवशी जे गैरहजर होते किंवा शाळेतच जात नव्हते, ते त्यात नव्हते. २००५ पासून होणारे असर सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाते. निवडलेल्या घरांतल्या ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाला एकट्याला, तोंडी आणि एकाच साधनाने तपासते. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशी त्या साधनाची चढण असते. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीची सुमारे निम्मी मुलेच ती गोष्ट वाचू शकली आणि २०२२ पर्यंत हे प्रमाण आणखी घसरले. पहिले सर्वेक्षण विचारते की हजर असलेली मुले आपल्या इयत्तेचे किती शिकली. दुसरे विचारते की गावातल्या मुलांना वाचनाचा पाया आहे का. प्रश्न दोन, समूह दोन, रीत दोन, तेव्हा आकडेही दोनच येणार. कोणता आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे पालकांना, पत्रकारांना आणि अधिकाऱ्यांना सांगता येणे, ही या विषयातल्या पदवीधराची पहिली कसोटी मानायला हरकत नाही.

आकड्यांनी कुठवर जाता येते आणि पुढे काय लागते, हे कोसबाडच्या कामात दिसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण उभे केले. मुले बालवाडीत येत नाहीत, हे हजेरीपटावरून कळत होते. का येत नाहीत, हे कळायला पाड्यावर जावे लागले. धाकटी भावंडे सांभाळायची होती, गुरे चारायला न्यायची होती. मग शाळाच अंगणात गेली आणि कुरणात गेली. त्या अंगणवाडीचे आणि कुरणशाळेचे श्रेय शिक्षणप्रेमाला जाते, तसेच ते पाहण्याच्या शिस्तीलाही जाते. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी मुलांच्या बोलण्याकडे, चुकांकडे, प्रश्नांकडे ज्या बारकाईने पाहिले, तीही याच जातीची शिस्त. गुणात्मक संशोधन म्हणजे सैल संशोधन नव्हे. नोंद केव्हा केली, कुणाचे म्हणणे ऐकले, कुणाचे राहिले, आपल्या अर्थाला छेद देणारा प्रसंग सापडला का आणि तो वाचकापुढे ठेवला का, हे प्रश्न इथे तितकेच कडक आहेत. शिक्षकांच्या कृतिसंशोधनाला आम्ही या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. बढतीच्या फाइलमध्ये बंद होणारे काम म्हणून त्याच्याकडे पाहू नका. स्वतःच्या वर्गातला खरा प्रश्न, प्रामाणिक नोंदी आणि सहकाऱ्यांपुढे मोकळी चर्चा एवढे असले, तर शिक्षकाइतका जवळचा निरीक्षक दुसरा कोणी नाही.

या क्षेत्राच्या इतिहासात काळी पानेही आहेत आणि ती वाचल्याशिवाय कुणी पुढे जाऊ नये. आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमों यांच्यासह १९०५ मध्ये पॅरिसमध्ये चाचणी रचली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना योग्य मदत मिळावी म्हणून. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी गोष्ट आहे या समजुतीचा त्यांनी १९०९ मध्ये जाहीर निषेध केला. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच, अमेरिकेत, त्यांच्या चाचणीच्या वंशजांचा वापर माणसांच्या वंशांची प्रतवारी लावण्यासाठी झाला. कार्ल ब्रिगॅम यांच्या १९२३ च्या पुस्तकाने स्थलांतरितांविरुद्धच्या वातावरणाला शास्त्राचा मुलामा दिला आणि १९२४ मध्ये स्थलांतरावर कडक निर्बंध घालणारा कायदा आला. १९३० मध्ये ब्रिगॅम यांनीच आपल्या निष्कर्षांना आधार नसल्याचे छापून कबूल केले. तोवर कायदा होऊन गेला होता. जातीची उतरंड ज्या समाजात आहे, त्या समाजातल्या मापनतज्ज्ञाला हा इतिहास परका वाटता कामा नये. सरासरीतला फरक हा संधीतला फरक आहे का, हे तपासल्याशिवाय त्याला क्षमतेचे नाव देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

दुसरा इशारा डोनाल्ड कॅम्पबेल यांचाच. एखादा आकडा सामाजिक निर्णयांसाठी जितका जास्त वापरला जातो, तितका तो भ्रष्ट होण्याचा दबाव वाढतो आणि ज्या प्रक्रियेवर तो लक्ष ठेवतो तीही बिघडते, असे त्यांनी १९७० च्या दशकात मांडले. शाळेचा निकाल हीच शाळेची प्रतिष्ठा झाली की शिकवणे निकालापुरते उरते. त्यामुळे प्रत्येक मापनाबरोबर त्याच्या परिणामांचाही अभ्यास झाला पाहिजे. मुलांची नावे गुप्त राखणे, पालकांची समजून-उमजून घेतलेली संमती, आपण काय शोधले ते शाळेला परत जाऊन सांगणे, या गोष्टी प्रबंधाच्या परिशिष्टात ढकलण्याच्या नाहीत. त्या संशोधनाच्या गाभ्याच्या आहेत.

गणिताच्या भीतीने या वाटेपासून दूर राहणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि शक्यता या चार कल्पना नीट समजल्या तर या ग्रंथाचा मोठा भाग तुमचा होतो. प्रत्येक सूत्र आम्ही आधी मराठी वाक्यात सांगितले आहे, मग चिन्हांत. संगणक आकडेमोड करील. कोणती आकडेमोड करायची आणि तिचा अर्थ काय लावायचा, हे ठरवणे तुमच्याकडे राहील. ज्यांना गणित आवडते त्यांनी वर्गात जाऊन बसावे आणि ज्यांना वर्ग आवडतो त्यांनी सूत्रांशी मैत्री करावी, एवढी अपेक्षा आम्ही दोघांकडूनही ठेवतो.

काम पुष्कळ आहे. मराठी मुले कोणत्या वयात किती ओघाने वाचतात, जोडाक्षरे कुठे अडवतात, याची विश्वासार्ह प्रमाणके हवी आहेत. गोंडी, कोरकू आणि भिली बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या भाषेतून उगवलेली साधने हवी आहेत. मंडळाच्या तपासणीतील त्रुटींचे खुले अभ्यास हवे आहेत. शिक्षकाने स्वतः वापरावी अशी, नीट पारखलेली मराठी प्रश्नपेढी हवी आहे. जे. पी. नाईक यांनी १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या या त्रिकोणाची मांडणी केली. त्या त्रिकोणाची एक बाजू ताणली की दुसरी कशी हलते, हे आपल्या जिल्ह्यांत, आपल्या भाषेत मोजून पाहणारे अभ्यासक हवे आहेत.

यापुढे तुमच्या हातून कुणाच्या प्रगतिपुस्तकात आकडा लिहिला जाईल, किंवा तुमच्या प्रबंधात निष्कर्षाचे वाक्य येईल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे विधान कोणत्या पुराव्यावर उभे आहे? त्यात चूक किती असू शकते? आणि ती चूक झालीच, तर तिची किंमत कोण मोजणार आहे? या प्रश्नांची उत्तरे देण्याची तयारी पुढील प्रकरणांत होईल. त्या कामात तुम्ही आमचे सहकारी व्हावे, अशी आमची इच्छा आहे.